शिंगाडे ब्रदरांचं एकच अक्षर

आमच्या क्लिनिकात चिकटपट्टी एवढी कशी खपते, असा प्रश्न हेड ऑफिसकडून दर तीन महिन्यांनी यायचा आणि त्याचं उत्तर दर तीन महिन्यांनी माझ्याच गळ्यात पडायचं. मी फार्मासिस्ट. पट्टी माझ्या स्टोअरमधून जाते. मी लिहायचो, ‘रुग्णांसाठी वापरली.’ त्यात तसूभरही खोटं नव्हतं. फक्त ती जखमेवर लागत नव्हती, एवढं मी लिहीत नसे. तसं कुणी विचारलंही नव्हतं.

ती सगळी पट्टी शिंगाडे ब्रदर न्यायचे. ब्रदर म्हणजे पुरुष नर्स. गाव मिरजेच्या अलीकडचं, अंगानं काटक, युनिफॉर्मला अशी कडक इस्त्री की त्यांच्या शेजारी उभं राहिलं की आपलंच काहीतरी चुरगळलंय असं वाटावं. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. स्वच्छतेचं वेड इतकं की टेबलावर पाण्याचा थेंब दिसला की हात आपोआप कापसाच्या बोळ्याकडे जायचा. बोलताबोलता, फोनवर, एकदा तर इंजेक्शन भरता भरता मी हे पाहिलेलं आहे. इतक्या वर्षांत त्यांनी आजारपणाची रजा एकदाही घेतली नाही. तब्येत विचारली की ठरलेलं उत्तर, “मला काय धाड भरलीय?”

सकाळी सातला ते पट्टीचे बोटाएवढे तुकडे कापायचे, स्टीलच्या ट्रेच्या कडेला ओळीनं लावायचे आणि काळ्या मार्करनं प्रत्येकावर एकच अक्षर काढायचे.

痛

बारा रेघा. आधी एका तुकड्याला त्यांना एक मिनिट लागायचं, पुढे पुढे हात असा बसला की मी डोळ्यांत थेंब घालेपर्यंत पाच व्हायचे. पेशंट आला की त्याच्या हातात एक तुकडा द्यायचा आणि म्हणायचं, “कुठं दुखायलंय? तिथं चिकटव.” हे ते मराठीत म्हणायचे. चिन्याला मराठीत, कोरियनलाही मराठीत. मी एकदा म्हटलं, “ब्रदर, निदान इंग्रजीत तरी बोला.” तर म्हणाले, “त्याला दोन्ही येत न्हाईत. मग मी कशाला त्रास करून घेऊ?”

आणि नियम असा की पट्टी लावल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही. ज्याचं काहीच दुखत नाही, नुसता फिटनेसचा कागद हवाय, त्यानं ती दाराजवळच्या लाकडी फळीवर लावायची. महिनाअखेरीला फळी पांढरी व्हायची. मग ब्रदर ती स्पिरिटनं पुसून काढायचे.

आमचा कॅम्प सौदीतल्या जिझानपासून तासाभरावर, रिफायनरीच्या अंगाला. पाइप जोडायला चिनी, त्यांच्यावर नजर ठेवायला कोरियन, त्या दोघांवर नजर ठेवायला दोन-चार जपानी, वेल्डिंगला व्हिएतनामी आणि उरलेलं सगळं करायला आपण. डॉक्टर एकच, इजिप्तचे. ते सकाळी दोन तास यायचे आणि मग दुसऱ्या कॅम्पला जायचे. बाकीचा दिवस शिंगाडे ब्रदरांचा.

हे सगळं झाओपासून सुरू झालं. झाओ पाइप फिटर होता. एका दुपारी पोट धरून आला, डॉक्टर निघून गेल्यावर. बरोबर त्याचा फोरमन. फोरमनला इंग्रजीचे वीसेक शब्द येत होते आणि त्यातला एक ‘गॅस’ होता. तो त्यानं चार वेळा वापरला. ब्रदरांनी पोट दाबून पाहिलं. झाओ हसला. आता आपल्याकडे पोट दाबल्यावर माणूस हसला तर पोट ठीक असतं. संकोचानं, घाबरूनही माणूस हसतो, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मग झाओनं पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं आणि स्टीलच्या टेबलावर पाण्यानं काहीतरी काढायला लागला. वर एक थेंब. खाली आडवी रेघ. तिच्या टोकापासून खाली उतरणारी तिरकी रेघ. तिच्या डाव्या अंगाला दोन थेंब. एवढं झालं आणि ब्रदरांनी बोळा घेऊन टेबल पुसलं.

रागानं नाही पुसलं. टेबलावर पाणी सांडलं होतं, म्हणून पुसलं. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली, चिठ्ठी घेऊन झाओ माझ्या खिडकीवर आला, मी गुलाबी औषधाची बाटली दिली आणि दिवसातून तीनदा म्हणून तीन बोटं दाखवली. माझं काम चिठ्ठी वाचायचं. ती मी वाचली.

तिसऱ्या दिवशी त्याला ॲम्ब्युलन्समधून शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं. तिथून त्याच्या कंपनीनं त्याला स्ट्रेचरवरच मायदेशी पाठवलं. फोरमनची दुसरीकडे बदली झाली. पुढे झाओ जगला की गेला, हे आम्हाला कळलं नाही. त्यानंतर कॅम्पवर येणाऱ्या प्रत्येक नव्या चिनी तुकडीला ब्रदर एका कागदावर त्याचं नाव दाखवायचे. ते नाव त्यांनी त्याच्या गेटपासच्या झेरॉक्सवरून उतरवून घेतलं होतं. माणसं बघायची, मान हलवायची आणि आपला पासपोर्ट नंबर सांगायला लागायची. ब्रदर कागद घडी करून परत खिशात ठेवायचे. कंपनीलाही त्यांनी तीन अर्ज केले. उत्तर आलं नाही. डॉक्टर म्हणाले, “शिंगाडे, खलास. विसर.” ब्रदर “यस डॉक्टर” म्हणाले आणि चौथा अर्ज केला.

टेबलावर पाहिलेल्या त्या पाच रेघा मात्र त्यांच्या डोक्यातून जात नव्हत्या. इशिदा म्हणून एक वयस्क जपानी इन्स्पेक्टर दर मंगळवारी बीपी मोजायला यायचे. फार सभ्य माणूस. बीपी वाढलेलं निघालं तर मशीनचीच माफी मागायचे. ब्रदरांनी त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि त्या पाच रेघा काढल्या. इशिदांनी चष्मा वर केला.

“ही बाज आहे,” ते म्हणाले. शब्द त्यांनी ‘बेड’ वापरला होता, पण ब्रदर मला सांगताना बाजच म्हणाले आणि आता मलाही ती बाजच दिसते. “फार जुन्या काळी लोक बाजेवर निजलेला आजारी माणूस काढायचे, अंगावर घामाचे ठिपके. पुढे लिहायला सोयीची म्हणून बाज उभी केली. माणूस रेघांत विरून गेला. हे डावीकडचे दोन ठिपके, ते बाजेचे पाय.”

“पण शब्द कुठला झाला?”

“अजून झालाच नाही. बाजेनं सुरू होणारे शब्द खूप आहेत. आजार. थकवा. खाज. व्रण. वेड. आत काय लिहाल त्यावर ठरतं. आत काय होतं?”

“ते मी लिहू दिलं न्हाई,” ब्रदर म्हणाले.

इशिदांनी कागद आपल्याकडे ओढला. मग त्यांनी पेन घेऊन बाजेच्या आत आणखी सात रेघा भरल्या. “बहुतेक हे असेल. दुखणं. आतला भाग फक्त उच्चारासाठी आहे, त्याचा दुखण्याशी संबंध नाही.” ब्रदरांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला. माझ्या स्टोअरच्या लॅमिनेटरवर, न विचारता.

तिथून पुढे एका अक्षरापायी माणूस किती देश फिरू शकतो ते मी खिडकीतून पाहिलं. चिनी लोक त्याला ‘थुंग’ म्हणतात. जपानात ते एकटं असलं की ‘इताई’ आणि दुसऱ्या अक्षराला चिकटलं की ‘त्सू’. कोरियात ‘थोंग’. इशिदांनी सांगितलं की चीनमधून ही अक्षरं शेजारच्या सगळ्या देशांत गेली, अक्षर एकच राहिलं, घरोघरी हाक वेगळी झाली. ब्रदरांना हे फार पटलं. फक्त जपानवाल्यांनी एका अक्षराला दोन हाका कशाला ठेवल्या, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. इशिदांनी त्याचीही माफी मागितली.

कोरियन मंडळींनी मात्र पहिल्याच दिवशी घोळ घातला. तिशीतला एक सुपरवायझर पट्टी हातात घेऊन म्हणाला, हे चिनी आहे, मला वाचता येत नाही. त्यांची आता स्वतःची लिपी आहे, शाळेत ही अक्षरं नावापुरती. ब्रदर म्हणाले, “थोंग.” त्याचा चेहरा एकदम उजळला. “दू-थोंग,” तो म्हणाला आणि डोक्याला हात लावला. डोकेदुखी. मग दाताला हात लावून “छी-थोंग.” म्हणजे रोज ज्या शब्दानं तो डोकं धरून बसायचा, त्यात हे अक्षर आहे, हे त्याला मिरजेच्या माणसानं सांगितलं. तो जरा ओशाळला आणि पट्टी कपाळावर लावून मुकाट्यानं बाकावर बसला.

व्हिएतनामचं प्रकरण अवघड गेलं. त्यांनी ही अक्षरं कधीच सोडली, रोमन लिपी घेतली. ‘थोंग’ त्यांच्याकडे उरलाय तो पुस्तकी शब्दांत. दाढ सुजलेला वेल्डर पट्टीकडे नुसता बघत राहिला. ब्रदर म्हणाले, “थोंग.” तो म्हणाला, “डाऊ.” ब्रदर म्हणाले, “न्हाई, थोंग.” तो म्हणाला, “डाऊ.” दोघंही आपापल्या ठिकाणी बरोबर होते. शेवटी मी खिडकीतून म्हटलं, “ब्रदर, दाढ त्याची आहे, त्याला काय म्हणायचंय ते म्हणू द्या.” त्यांनी पट्टी परत घेतली, अक्षराखाली रोमनमध्ये ‘डाऊ’ लिहिलं आणि दिली. व्हिएतनामवरचा त्यांचा राग पुढे वर्षभर टिकला.

चिनी मेसच्या आचाऱ्यानं त्यांना आणखी एक कोडं घातलं. तो म्हणाला, ह्याच अक्षरापुढे ‘जलद’चं अक्षर लावलं की ‘थुंग-ख्वाय’ होतं, म्हणजे एकदम मनसोक्त, जिवाला बरं वाटणं. ब्रदरांनी नाक मुरडलं. “दुखण्यात कसली आलीय मजा? ह्यांचं काहीतरी चुकलंय.” आठवडाभर ते ह्याच विषयावर होते, माझ्या डोक्याला ताप. मग एका सुताराचं पाठीवरचं गळू त्यांनी फोडलं. तो आधी कळवळला आणि पू निघून गेल्यावर डोळे मिटून असा लांब श्वास सोडला की मलासुद्धा बरं वाटलं. ब्रदर हातमोजे काढत खिडकीपाशी आले. “नझीर, आचारी बरोबर हाय,” म्हणाले आणि हात धुवायला गेले.

त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य होतं. “तोंडाचं ऐकू नये. तोंड कंपनीचं असतंय, पोट ज्याचं त्याचं.” पट्टी लावायच्या वेळी म्हणूनच फोरमनला आत येऊ देत नसत. एकदा एका फोरमननं वाद घातला. बरोबर आणलेल्या फिटरचा गुडघा दुखतो, स्प्रे मारा आणि सोडा, अर्ध्या तासात त्याला कामावर घ्यायचंय. पोटाचं म्हटलं असतं तर हॉस्पिटल आलं असतं, चार दिवस माणूस गेला असता. गुडघ्याला स्प्रे पुरतो, हे फोरमन लोकांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तो म्हणाला, “मी आत येतो, मला भाषा येते.”

“भाषेचं काम न्हाई,” ब्रदर मराठीत म्हणाले. “चिकटवायचं काम हाय.” आणि दार लावलं.

फिटरनं पट्टी घेतली, अक्षर पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग शर्ट वर करून पोटाच्या खालच्या अंगाला, उजवीकडे, झाओनं जिथं हात धरला होता तिथंच चिकटवली. माझ्या खिडकीतून आतलं टेबल दिसतं. ब्रदर उभे होते ते उभेच राहिले. मग त्यांनी दुसऱ्या कॅम्पवर डॉक्टरांना फोन लावला आणि ते हो म्हणायच्या आत ॲम्ब्युलन्स बोलावली. ऑपरेशन वेळेवर झालं. तीन आठवड्यांनी तो फिटर जिझानच्या आंब्यांची पेटी घेऊन आला. मी दापोलीचा असल्यामुळे मी त्या आंब्याविषयी काय बोललो ते इथं लिहीत नाही. ब्रदरांनी एक आंबा घेतला, धुतला, पुसला आणि झाओच्या नावाचा कागद खिशातून काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं नकारार्थी मान हलवली.

तो गेल्यावर मी म्हटलं, “ब्रदर, आता तरी सोडा. एक वाचला की.”

“हा वाचला म्हणून तो वाचला असं होत न्हाई,” ते म्हणाले. “हा हा हाय. तो तो हाय.”

झाओचा विषय निघाला की मी नेहमीच मूग गिळून बसायचो, आणि ते ब्रदरांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. पेशंटच्या बाबतीत त्यांची एक सवय होती. पट्टी हातात दिल्यावर ते घाई करत नसत. बघतही नसत. कापूस नीट करत बसायचे. कुणी पाच मिनिटं घेतली तर पाच मिनिटं. माझ्याशीही ते कधी कधी तसेच कापूस नीट करत बसायचे.

मागच्या वर्षी हेड ऑफिसनं भाषांतर करणारा टॅबलेट पाठवला. आपण हिंदीत बोलायचं, तो चिनीत बोलतो. बरोबर क्वालिटीचा माणूस आला, त्यानं ट्रेवरची पट्टी उचलून विचारलं, “ये क्या है?” ब्रदर म्हणाले, “दर्द.” तो म्हणाला, हे बंद करा, मंजुरी नसलेलं लेबल पेशंटच्या अंगावर लावता येत नाही. ब्रदर “यस सर” म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून टॅबलेट टेबलावर सुरू असायचा, आपलं आपण काहीतरी विचारत राहायचा, आणि त्याच्या शेजारी पट्ट्यांचा ट्रे. टॅबलेटची काच ते दिवसातून चारदा पुसायचे. त्याला विरोध होता असं कुणी म्हणू शकलं नसतं.

साठी झाली तसा ब्रदरांचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, पुढे वाढणार नव्हता. फायनल एक्झिटचे कागद झाले. निरोपाचा कार्यक्रम करू म्हटलं तर म्हणाले, “मला काय धाड भरलीय?” हे उत्तर त्या प्रश्नाला कसं लागू होतं ते मी विचारलं नाही.

शेवटच्या सकाळी सातला ते नेहमीप्रमाणे आले, पट्ट्या कापल्या, लिहिल्या, ट्रेच्या कडेला लावल्या. साडेनऊला एअरपोर्टची व्हॅन येणार होती. साध्या शर्टात मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. त्यालाही इस्त्री तशीच. बॅग उचलून ते दाराकडे निघाले आणि मला कुठून सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, “ब्रदर, नियम म्हणजे नियम. पट्टी लावल्याशिवाय बाहेर जायचं नाही.”

मला वाटलं फळीवर लावतील आणि हसतील. त्यांनी बॅग खाली ठेवली. माझ्या स्टोअरमध्ये आले, वरच्या फळीवरून एक जुनं रजिस्टर काढलं आणि शोधाशोध न करता पान उघडलं. त्यांच्याच हस्ताक्षरात ओळ होती : झाओ, पाइप फिटर, गॅस. त्यांनी खिशातून कोरी पट्टी काढली, माझ्या काउंटरवर ठेवून तिच्यावर पाच रेघा काढल्या. थेंब, आडवी, तिरकी, दोन ठिपके. नुसती बाज. ती त्या ओळीशेजारी लावली आणि अंगठ्यानं दाबली.

“आतलं?” मी विचारलं.

“आतलं मला कुठं माहीत हाय?”

मग ट्रेवरून एक पूर्ण लिहिलेली पट्टी आणून त्यांनी माझ्यासमोर धरली. “तुझी.”

“मला काय धाड भरलीय?” मी म्हणालो.

ते काउंटरवरचा कापूस नीट करायला लागले. एक मिनिट गेलं असेल, कदाचित दोन. बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला. त्यांनी पट्टीचं एक टोक माझ्या काउंटरच्या कडेला लावलं, बॅग उचलली आणि गेले. खिडकीतून मला दिसले ते ड्रायव्हरच्या शेजारी ताठ बसलेले, बेल्ट लावलेला, मनगट उलटं करून घड्याळ बघताना. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

पट्टी आठवडाभर तशीच लटकत होती. जाता येता बाहीला अडकायची. मला त्यांचा रागही आला. माणूस जाताना पेढे देतो, हे काय दिलं.

आता सांगून टाकतो. झाओ चिठ्ठी घेऊन माझ्या खिडकीवर आला तेव्हा त्यानं माझ्या काउंटरवरही बोट फिरवलं होतं. कोरडं बोट. इथं कुणी पुसायला नव्हतं. त्यानं सावकाश, सगळं अक्षर पुरं काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीवरचं लेबल वाचत होतो. डोळ्याच्या कडेनं दिसत होतं की तो काहीतरी लिहितोय. मी तीन बोटं दाखवली आणि ‘नेक्स्ट’ म्हणालो. तो ‘शुक्रन’ म्हणाला, अरबीत आभार. हे मी ब्रदरांना कधी सांगितलं नाही. बाज एकट्या त्यांनी पाहिली असं ते इतकी वर्षं धरून चालले, आणि मी चालू दिलं. ह्याची मला लाज वाटते.

आठव्या दिवशी मी ती पट्टी कडेवरून काढली आणि काउंटरवर, चिठ्ठ्या घेतो त्याच्या उजवीकडे, जिथं त्याचं बोट फिरलं होतं तिथं लावली. अजून आहे. चिनी पेशंट वाचतात आणि मला काय होतंय ते खुणेनं विचारतात. रोज सकाळी काउंटर पुसायला माणूस येतो, त्याला मी सांगून ठेवलंय, तेवढं सोडून पूस.